खळ, पुठ्ठा आणि रसायनशास्त्र

लंडनच्या ब्लँडफोर्ड स्ट्रीटवर, दोन नंबरच्या घरात, जॉर्ज रिबो नावाच्या गृहस्थांचे पुस्तकांचे दुकान होते. पुढे विक्री आणि मागे बांधणीचे काम. छापखान्यातून सुटे कागद यायचे. त्यांच्या घड्या घालायच्या, ठोकून सपाट करायच्या, शिवायच्या, खळ लावून पुठ्ठ्यात बसवायच्या आणि वर चामडे चढवून सोनेरी अक्षरे उठवायची. दिवस मावळेपर्यंत हेच काम. हलवायाला जसे मिठाईचे अप्रूप नसते, तसे बांधणी करणाऱ्याला पुस्तकाचे नसते. पुस्तक त्याच्या हाताखालून जाते, डोळ्यांखालून जात नाही.

१८०५ साली या दुकानात चौदा वर्षांचा एक पोरगा उमेदवारीला राहिला. त्याच्या बाबतीत मात्र हा नियम चुकला. हातातले पुस्तक शिवून झाले की तो ते उघडून वाचू लागे. मालक समंजस होते. त्यांनी त्याला कधी हटकले नाही. जगाच्या सुदैवाने हटकले नाही, असेच म्हणायला हवे. कारण त्या पोराचे नाव होते मायकेल फॅरेडे.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव शाळेत ऐकलेले असते. विजेचे जनित्र, विद्युत अपघटनाचे नियम, परीक्षेत हमखास येणारी ती आकृती. त्यामुळे फॅरेडे म्हटले की वीज, एवढेच डोक्यात राहते. पण हा माणूस विज्ञानाच्या दारात शिरला तो रसायनशास्त्राच्या उंबऱ्यावरून. आणि हे रसायनशास्त्र त्याला कोणत्याही शाळेने, कॉलेजाने शिकवलेले नव्हते. ते त्याने कसे शिकून घेतले, याची गोष्ट त्याच्या शोधांइतकीच वाचनीय आहे.

आठवड्याला एक पाव

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स या वस्तीत झाला. वडील जेम्स हे लोहार. उत्तर इंग्लंडातल्या वेस्टमोरलंडहून पोटासाठी लंडनला आलेले. हातात कसब होते, पण प्रकृतीने साथ दिली नाही. काम अर्धवट, कमाई अर्धवट. चार मुलांचा संसार आई मार्गारेट हिने रेटला. १८०१ साली धान्याचे भाव कडाडले, तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई. तो एकच पाव सात दिवस पुरवायचा असे.

शाळा म्हणाल तर लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब, एवढीच. लहानपणी मायकेलला इंग्रजीतला र नीट उच्चारता येत नसे. त्यावरून शिकवणाऱ्या बाईंनी एकदा त्याच्या थोरल्या भावाला, रॉबर्टला, छडी विकत आणायला पिटाळले. मायकेलला त्या छडीने फोडून काढायचे होते. रॉबर्टने मिळालेले नाणे भिंतीपलीकडे भिरकावले आणि थेट घर गाठले. आईने दोन्ही मुलांना त्या शाळेतून काढले, अशी एक आठवण सांगितली जाते. या रॉबर्टला लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा एकदा मायकेलच्या मदतीला येणार आहे.

तेराव्या वर्षी मायकेल रिबोंच्या दुकानात हरकाम्या म्हणून लागला. त्या काळी वर्तमानपत्र महाग असे. त्यामुळे ते भाड्याने वाचायला देत. एका घरी द्यायचे, ठरल्या वेळी परत आणायचे आणि पुढच्या घरी पोचवायचे, हे मायकेलचे काम. वर्षभरात रिबोंनी पोराची चुणूक पाहिली आणि त्याला सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतले. अशा उमेदवारीसाठी बापाने मालकाला एकरकमी पैसे मोजायचे, असा रिवाज होता. रिबोंनी ते माफ केले. मुलाने प्रामाणिकपणे काम केले आहे, हेच त्याचे शुल्क मानले.

एका बाईंनी लिहिलेले पुस्तक

दुकानात बांधणीला येणाऱ्या पुस्तकांत एकदा ब्रिटानिका विश्वकोशाचा एक खंड आला. त्यातला विजेवरचा लेख मायकेलने वाचला आणि तो झपाटून गेला. पण त्याला खऱ्या अर्थाने शिष्य करून घेतले ते दुसऱ्याच एका पुस्तकाने. जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले ‘रसायनशास्त्रावरील संभाषणे’ हे ते पुस्तक. १८०६ च्या सुमारास ते प्रसिद्ध झाले. लेखिकेचे नाव वर नव्हतेच. बाईमाणसाने विज्ञानावर लिहावे, हे तेव्हा फारसे रुचणारे नव्हते.

पुस्तकात श्रीमती बी. नावाची एक शिक्षिका आहे आणि कॅरोलिन व एमिली या तिच्या दोन विद्यार्थिनी. एक शंका विचारणारी, चटकन कंटाळणारी. दुसरी शांत, अभ्यासू. त्या विचारतात, बाई सांगतात, आणि सांगता सांगता प्रयोगही करून दाखवतात. हवेत काय असते, पाण्यात काय असते, वस्तू जळते म्हणजे काय होते, आम्ल आणि अल्कली एकत्र आले की काय घडते, असा सगळा संवाद. लॅटिन नाही, बोजडपणा नाही. ज्याला कुणी शिकवणारे नाही, त्याच्यासाठी ही घरबसल्या शिकवणीच होती.

या पुस्तकाच्या जन्माची कथाही मोठी गमतीची आहे. जेनबाई जिनिव्हाच्या एका व्यापाऱ्याच्या कन्या, लंडनमध्ये वाढलेल्या, डॉक्टरशी लग्न झालेल्या. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही नावाचा एक तरुण रसायनशास्त्रज्ञ व्याख्याने देत असे. त्या ती ऐकायला जात. पहिल्यांदा बरेचसे डोक्यावरून गेले. मग घरी एका मित्राशी चर्चा करता करता गोष्टी उलगडत गेल्या. आपल्याला जसे समजले तसेच इतरांनाही समजेल, या विचारातून त्यांनी संवादाच्या रूपात पुस्तक लिहिले. म्हणजे डेव्हींचे ज्ञान बाईंच्या पुस्तकात उतरले, पुस्तक बांधणीच्या दुकानात आले, आणि तिथून ते एका उमेदवार पोराच्या हाती पडले. हाच पोरगा पुढे त्याच डेव्हींच्या दारात जाऊन उभा राहणार होता.

वाचलेले खरे कशावरून?

इथवरची गोष्ट वाचनाची गोडी असलेल्या कुठल्याही मुलाची असू शकते. फॅरेडेचे वेगळेपण पुढे आहे. मार्सेटबाईंच्या पुस्तकात एखादा प्रयोग वाचला की तो करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. छापलेले आहे म्हणून खरे, हे त्याला मान्य नव्हते. आपली कल्पनाशक्ती भरधाव आहे, अरबी सुरस कथांवरही आपला तितकाच विश्वास बसू शकतो, हे तो स्वतःबद्दल ओळखून होता. म्हणून त्याने स्वतःला एक लगाम घातला: हाताने पडताळून पाहिले तेवढेच आपले.

पण पडताळायचे कशाने? उमेदवाराला पगार तो काय असणार! आठवड्याला काही पेनी शिल्लक राहत. त्यातून तो थोडी रसायने आणी. भंगारवाल्याकडून त्याने दोन काचेच्या बरण्या विकत घेतल्या आणि विजेचे एक घर्षणयंत्र स्वतः तयार केले. खर्च आवाक्याबाहेरचा असलेला प्रयोग मुकाट्याने सोडून द्यायचा आणि आवाक्यातला असेल तो मात्र नेटाने पुरा करायचा, अशी त्याची रीत. प्रयोग केला आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच घडले, की त्या पुस्तकावरचा आणि स्वतःवरचा विश्वास एकेक पायरी वर चढे. म्हातारपणीही तो या पुस्तकाचे ऋण सांगत असे. आपण बुडत असताना हाती आलेला भक्कम दोर, अशी त्याची त्याबद्दलची भावना होती. पुढे नावारूपाला आल्यावर आपले शोधनिबंध तो कृतज्ञतेने मार्सेटबाईंना पाठवत असे.

आणखी एक पुस्तक त्याच्या हाती लागले, आयझॅक वॉट्स यांचे, मनाची मशागत कशी करावी हे सांगणारे. त्यातला उपदेश साधा होता. वाचा, पण टिपणे काढा. व्याख्याने ऐका. समान आवडीच्या माणसाशी पत्रव्यवहार ठेवा. शब्द नेमके वापरा. घाईने मत बनवू नका. असे उपदेश आपण सगळेच वाचतो आणि पान उलटतो. फॅरेडेने ते एकेक करून अमलात आणले. १८०९ पासून त्याने एक वही घातली आणि वर्तमानपत्रांत, मासिकांत विज्ञानासंबंधी जे जे दिसेल ते तीत उतरवून ठेवू लागला.

भावाचा शिलिंग

१८१० साली फ्लीट स्ट्रीटच्या परिसरात एका खिडकीत त्याने जाहिरात पाहिली. जॉन टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्याने देत होते. प्रवेशमूल्य एका व्याख्यानाला एक शिलिंग. उमेदवाराच्या खिशात एवढा पैसा कुठला? तो दिला रॉबर्टने. छडीचे नाणे भिरकावणारा हा भाऊ आता वडिलांच्याच धंद्यात होता आणि लोखंडावर घाव घालून कमावत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वडील वारले. घरची ओढगस्त वाढली, तरी व्याख्याने चुकली नाहीत. जवळजवळ दीड वर्षात मायकेलने बारा-तेरा व्याख्याने ऐकली.

तिथे तो नुसता ऐकत बसला नाही. ऐकताना भराभर मुद्दे टिपायचे, घरी येऊन सविस्तर लिहायचे, उपकरणांच्या आकृत्या काढायच्या. आकृत्या काढता येईनात, तेव्हा रिबोंकडे राहणाऱ्या मॅस्केरिए नावाच्या फ्रेंच निर्वासित चित्रकाराकडून तो यथार्थदर्शन शिकला. गुरुदक्षिणा काय? तर त्यांचे बूट पुसायचे आणि खोली आवरायची. सगळी टिपणे त्याने स्वतःच्या हातांनी चार खंडांत बांधली आणि अर्पण केली आपल्या मालकांना.

टेटम यांच्या घरी जमणारी मंडळी त्याच्यासारखीच होती. कुणी कारकून, कुणी कारागीर. त्यात बेंजामिन अॅबट हा तरुण भेटला. तो त्याच्यापेक्षा चांगला शिकलेला. फॅरेडेने त्याला पत्रे लिहायला सुरुवात केली, ती आपली भाषा सुधारावी या हेतूने. आपले व्याकरण कच्चे आहे, विरामचिन्हे आपल्याला कळत नाहीत, याची त्याला लाज वाटे. पण लपवावे असे वाटत नसे.

१८१२ च्या जुलै महिन्यात अॅबटला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला एक पराक्रम कळवला. जस्ताच्या पत्र्यातून त्याने अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या. त्यांच्यावर तांब्याची सात नाणी ठेवली. मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद. झाली विजेची बॅटरी! तिच्या तारा त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या, म्हणजे पोट साफ व्हायला देतात त्या एप्सम मिठाच्या पाण्यात सोडल्या. तारांवर बुडबुडे धरले. दोनेक तासांत नितळ पाणी गढूळ झाले, त्यात मॅग्नेशियाचे कण तरंगू लागले. विजेने एक रसायन फोडले होते. वीस वर्षांचा बाइंडर हे पाहून हरखून गेला. याच प्रयोगाच्या वाटेवरून तो एकवीस-बावीस वर्षांनी विद्युत अपघटनाच्या नियमांपर्यंत पोचणार होता.

चार तिकिटे

रिबोंच्या दुकानात विल्यम डान्स नावाचे एक गिऱ्हाईक येत असे. या पोराची टिपणे त्यांना दाखवण्यात आली. खूश होऊन त्यांनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. १८१२ चा फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ. डेव्ही तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. विजेच्या साहाय्याने सोडियम आणि पोटॅशियम हे धातू त्यांनी वेगळे काढले होते. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे असे ठामपणे मांडले होते. त्यांच्या व्याख्यानाला बग्ग्यांची रांग लागे. मायकेल सज्जात, घड्याळाच्या वर बसून टिपणे घेत होता.

डेव्हीही तसे घरंदाज नव्हेत. पेन्झान्स गावच्या लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. शस्त्रवैद्याकडे उमेदवारी करता करता लाव्वाझिएचे पुस्तक वाचून स्वतःच रसायनशास्त्र शिकलेला. एका स्वयंशिक्षिताचे बोलणे दुसरा स्वयंशिक्षित ऐकत होता, आणि दोघांनाही याची कल्पना नव्हती.

ऑक्टोबर १८१२ मध्ये उमेदवारी संपली. मायकेल आता बाकायदा कारागीर झाला आणि दुसऱ्या एका तापट मालकाकडे कामाला लागला. धंदा हाती होता, पोट भरले असते. पण मन उडाले होते. त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना, सर जोसेफ बँक्स यांना, पत्र लिहून विज्ञानात कसलेही हलके काम मागितले. उत्तर आले नाही. चौकशीला गेला तर देवडीवरून निरोप मिळाला, की या पत्राला उत्तर द्यायचे कारण नाही.

मग त्याने डेव्हींच्या व्याख्यानांची टिपणे स्वच्छ अक्षरात लिहून काढली, रंगीत आकृत्या घातल्या, तीनशेहून अधिक पानांचा तो ग्रंथ सुरेख बांधला आणि डिसेंबरात डेव्हींकडे पाठवला. अर्ज म्हणून दुसरे काही जोडण्यासारखे त्याच्याकडे नव्हते. ना पदवी, ना शिफारस. जे येत होते ते, म्हणजे लक्ष देऊन ऐकणे, नेमके लिहिणे आणि नीट बांधणे, त्याने पुढे ठेवले.

डेव्हींनी भेटीला बोलावले, पण सल्ला दिला तो धंदा न सोडण्याचा. विज्ञान ही कठोर मालकीण आहे, पैशाच्या दृष्टीने फार थोडे देते, असे त्यांनी समजावले. मात्र काही आठवड्यांतच प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने मारामारी केली आणि त्याला काढून टाकावे लागले. १ मार्च १८१३ रोजी त्या जागी मायकेल फॅरेडेची नेमणूक झाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग, माडीवरच्या दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या.

सुरुवातीची कामे काही दिमाखदार नव्हती. बिटापासून साखर काढणे आणि गंधक व कार्बनचे एक दुर्गंधीयुक्त संयुग तयार करणे. महिन्याभरातच डेव्हींबरोबर नायट्रोजन ट्रायक्लोराइड या भयंकर स्फोटकावर काम करताना हातातली नळी फुटली आणि बोटाला इजा झाली. याच पदार्थाने काही महिन्यांपूर्वी डेव्हींचा डोळा दुखावला होता. पुस्तकातल्या श्रीमती बी. यांच्या प्रयोगात आणि खऱ्या प्रयोगशाळेत किती अंतर असते, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळले.

चालतेबोलते विद्यापीठ

त्याच ऑक्टोबरात डेव्ही पत्नीसह युरोपच्या प्रवासाला निघाले. इंग्लंड-फ्रान्स युद्ध चालू होते. नेपोलियनच्या सरकारने खास परवाना दिला होता. फॅरेडे मदतनीस म्हणून बरोबर. ऐन वेळी डेव्हींचा नोकर यायला तयार होईना, तेव्हा त्याची कामेही फॅरेडेच्या गळ्यात पडली. लेडी डेव्ही त्याला नोकरासारखेच वागवत. हा मानी पोरगा इतका कष्टी झाला की सगळे सोडून परत जावे, असे विचार त्याने अॅबटला कळवले.

पण परत गेला नाही. कारण या दीड वर्षात त्याला जे मिळत होते, ते कुठलेच विद्यापीठ देऊ शकले नसते. पॅरिसमध्ये अँपिअर प्रभृतींनी समुद्री शेवाळाच्या राखेतून निघालेला एक अनोळखी काळा पदार्थ डेव्हींना आणून दिला. तापवला की त्याची जांभळी वाफ होई. मुक्कामाच्या खोलीत, प्रवासी पेटीतल्या उपकरणांवर डेव्ही त्यावर प्रयोग करत आणि शेजारी उभा फॅरेडे पाहत असे. तो पदार्थ म्हणजे आयोडीन. फ्लॉरेन्समध्ये १८१४ च्या मार्चमध्ये ग्रँड ड्यूकच्या प्रचंड भिंगाने सूर्यकिरण एकवटून त्यांनी चक्क हिरा जाळला. उरला तो फक्त कार्बन डायऑक्साइड. हिरा आणि कोळसा एकाच कुळातले! मिलानमध्ये वृद्ध व्होल्टा भेटले. ज्यांच्या बॅटरीची नक्कल त्याने सात नाण्यांत केली होती, तेच हे व्होल्टा. एप्रिल १८१५ मध्ये परतलेला फॅरेडे पंचविशीच्या आत अर्ध्या युरोपातल्या शास्त्रज्ञांचे काम डोळ्यांनी पाहून आला होता.

शिष्य वरचढ होतो तेव्हा

१८१६ मध्ये त्याचा पहिला छोटा निबंध छापून आला, टस्कनीतल्या एका चुन्याच्या पृथक्करणाचा. त्यानंतर झरा वाहता झाला. १८२० मध्ये त्याने कार्बन आणि क्लोरीनची दोन नवी संयुगे तयार केली. १८२१ मध्ये सेरा बर्नार्डशी लग्न झाले. मूलबाळ झाले नाही, पण संसार सुखाचा झाला. त्याच वर्षी विजेच्या प्रवाहाने तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. विजेच्या मोटारीचे मूळ ते हेच.

१८२३ मधला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. बंद नळीत क्लोरीनचे स्फटिक तापवताना फॅरेडेला आत तेलकट थेंब दिसले. डेव्हींचे मित्र डॉ. पॅरिस तिथे आले होते. अस्वच्छ नळी वापरल्याबद्दल त्यांनी त्याला चार शब्द सुनावले. फॅरेडेने नळी कापली. फाटकन आवाज झाला आणि तेल गायब! दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. पॅरिस यांना चिठ्ठी मिळाली: ते तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन होते. वायू स्वतःच्याच दाबाखाली द्रव झाला होता. याच प्रयोगांत पुढे एक नळी फुटली आणि त्याच्या डोळ्यांतून काचेचे तेरा तुकडे काढावे लागले.

कौतुकाबरोबर कटुताही आली. द्रवरूप क्लोरीनच्या निबंधाला डेव्हींनी स्वतःची टीप जोडून कल्पनेचे श्रेय आपल्याकडे घेतले. रॉयल सोसायटीसाठी फॅरेडेचे नाव सुचवले गेले, तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हींनी ते मागे घ्यायला सांगितले. आपण ते सुचवलेले नाही, तर मागे कसे घेणार, असा फॅरेडेचा पवित्रा होता. जानेवारी १८२४ मध्ये तो निवडून आला. विरोधात फक्त एक मत पडले. मतदान गुप्त होते, त्यामुळे ते कुणाचे, यावर तर्क करण्यात अर्थ नाही. फॅरेडे मात्र आयुष्यभर डेव्हींचे नाव आदरानेच घेत राहिला. बंद दरवाजा ज्याने उघडला, त्याने पुढे तो लोटायचा प्रयत्न केला, म्हणून उघडल्याचे उपकार विसरायचे नसतात, एवढे शहाणपण त्याच्याकडे होते.

१८२५ मध्ये दिव्याच्या गॅसच्या टाक्यांत तळाशी साचणारा द्रव त्याच्याकडे आला. तो पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करून, थंड करून त्याने त्यातून एक नवा शुद्ध पदार्थ वेगळा काढला. तो बेन्झिन. पुढे रंग, औषधे, प्लास्टिक अशा कितीतरी उद्योगांचा पाया या रेणूवर उभा राहिला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याला चुंबकातून वीज मिळाली आणि १८३३-३४ मध्ये विद्युत अपघटनाचे नियम. जेवढी वीज जाईल तेवढ्याच प्रमाणात पदार्थ सुटा होईल, हा तो हिशेब. भांड्यांना मुलामा देणारे कारखाने आजही तो पाळतात. इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द त्याने विद्वान मित्र विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने रूढ केले. स्वतःला ग्रीक येत नव्हते, तर विचारायला तो लाजला नाही.

शिकलेले परत करणे

१८२७ मध्ये फॅरेडेने विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राच्या हातकामावर एक जाडजूड पुस्तक लिहिले. त्यात मोठे सिद्धांत नाहीत. तराजू कसा वापरावा, द्रव कसा ओतावा, गाळण कशी करावी, बूच कसे बसवावे, काचनळी कशी वाकवावी, महाग उपकरणांऐवजी साध्या नळ्यांवर प्रयोग कसे भागवावेत, असा सगळा तपशील. जे त्याला कुणी सांगितले नव्हते, ते त्याने पुढच्यांसाठी लिहून ठेवले.

नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने द्यायची रॉयल इन्स्टिट्यूशनची प्रथा त्याच्याच काळात सुरू झाली. एकोणीस वर्षांच्या मालिका एकट्या फॅरेडेने दिल्या. त्यांतली मेणबत्तीवरची सर्वांत गाजली. १८६१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. एक साधी मेणबत्ती घ्यायची. मेण वातीतून वर कसे चढते? ज्योत आतून पोकळ का? काजळी कुठून येते? ज्योतीवर थंड भांडे धरले तर त्यावर पाणी कसे जमते? आणि मेणबत्तीचे जळणे व आपला श्वास यांच्यात नाते कोणते? वाचताना मार्सेटबाईंच्या कॅरोलिन आणि एमिलीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १८६२ साली शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगापुढे साक्ष देताना, मोठमोठ्या शाळांत शिकलेल्यांना विज्ञानाचे साधे ज्ञानही नसते, अशी खंत त्याने मांडली. शाळेबाहेर शिकलेल्या माणसाने शाळांसाठी केलेले ते गाऱ्हाणे होते.

या स्वयंशिक्षणाची किंमतही त्याने मोजली. गणित त्याला कधीच आले नाही. त्याच्या निबंधांत समीकरणे जवळजवळ नाहीतच. त्याच्या कल्पनांना गणिताचे रूप द्यायला मॅक्सवेल यावे लागले. १८३९ नंतर चक्कर आणि विस्मरणाने त्याला ग्रासले. काही वर्षे काम जवळपास थांबले. स्मृतीवर भरवसा उरला नाही, तेव्हा बाइंडरच्या दुकानात लागलेली सवय कामी आली. प्रत्येक निरीक्षणाला क्रमांक देऊन तो लिहून ठेवत असे. हे क्रमांक सोळा हजारांच्या वर गेले. आपल्या टिपणांचे खंड तो स्वतः बांधत असे.

सरदारकी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. राणी व्हिक्टोरियाने राहायला दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरात २५ ऑगस्ट १८६७ रोजी, खुर्चीत बसल्या बसल्या त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत नव्हे, तर त्याच्या इच्छेप्रमाणे हायगेटच्या साध्या दफनभूमीत त्याला पुरले.

एकट्याने, पण एकटा नव्हे

फॅरेडेची गोष्ट सांगताना आपण नेहमी म्हणतो, बघा, शाळा नाही, शिक्षक नाही, तरी पोरगा केवढा झाला! हे अर्धे खरे आहे. परीक्षा आणि पदवी नव्हती, हे खरे. पण वाचू देणारा मालक होता, घामाचा शिलिंग काढून देणारा भाऊ होता, बुटांच्या पॉलिशवर चित्रकला शिकवणारा निर्वासित होता, चुका दाखवणारा मित्र होता, तिकिटे देणारे गिऱ्हाईक होते. आणि आपल्याला जे कळायला कठीण गेले ते इतरांना सोपे करून सांगणाऱ्या एक बाई होत्या. शिकणे त्याचे त्यालाच करावे लागले. पण त्याच्या भोवती हे सगळे हात नसते तर एक उत्तम बाइंडर यापलीकडे त्याची नोंद उरली नसती. आणि ती तरी कुणी ठेवली असती?

आपल्या आसपासही दुकानांत, गॅरेजमध्ये, छापखान्यांत अशी पोरे काम करताना दिसतात. हातातले काम संपले की एखादे काहीतरी उघडून वाचत बसते. तेव्हा त्याला हटकायचे की नाही, हे ठरवणे आपल्या हातात असते. जॉर्ज रिबो यांनी कुठलाही शोध लावला नाही. त्यांनी फक्त हटकले नाही.